मनोगताच्या वेळचा अंधार

१

ज्योतीच्या पत्राला नाना पिंपळापुऱ्यांनी उत्तर दिलं नव्हतं. दिवाळी आली नि गेली, फराळाचे डबे रिकामे झाले, तरी पत्र त्यांच्या टेबलावर चष्म्याच्या घराखाली तसंच पडून होतं. उत्तर लिहायला ते रोज बसत. ‘चि. ज्योतीस अनेक आशीर्वाद’ एवढं लिहून होई आणि पेन थांबे. सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांमध्ये काढलेल्या माणसाला दोन ओळी सुचू नयेत, याची त्यांना लाज वाटे.

पत्र मोठं नव्हतं. शेजारच्या दुर्ग शहरातून, बहिणीच्या घरून लिहिलेलं होतं, आणि त्याची शेवटची ओळ अशी होती: ‘नाना, बाकीचे काय म्हणतात ते मी ऐकलं. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. तुम्हालाही तसंच वाटतं का?’

तसंच म्हणजे काय, हे रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या विद्यावर्धिनी सभेत आता सगळ्यांना ठाऊक होतं.

सभेचं वाचनालय ज्योती सांभाळायची. सभागृहामागच्या खोलीत राहायची. नवरा गेल्यापासून तेच तिचं घर आणि तीच तिची नोकरी. तिने वर्षभर खपून सभेच्या जुन्या माणसांच्या आठवणी मोबाइलवर टिपल्या होत्या आणि त्यांची एक छोटी फिल्म केली होती. फिल्मच्या शेवटी अध्यक्ष गुलाबरावांचं मनोगत होतं. त्यांच्या पत्नी रमाताई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या, त्यांच्याविषयीचं.

गणेशोत्सवाच्या समारोपाला फिल्म लावली. सगळं नीट चाललं. गुलाबराव पडद्यावर आले, चार वाक्यं बोलले आणि प्रोजेक्टर बंद पडला. पुन्हा सुरूच होईना. लोक हळहळले, चहा प्याले, घरी गेले.

कोजागिरीला तीच फिल्म पुन्हा लावली. गुलाबराव पडद्यावर आले, “आमची रमा...” म्हणाले, आणि पुन्हा अंधार.

त्या अंधारात एकच उजेड होता, ज्योतीच्या लॅपटॉपचा. त्या उजेडात साऱ्या सभागृहाला तिचा चेहरा दिसला आणि हातातला प्रोजेक्टरचा रिमोटही दिसला. तिचा अंगठा बटणावर होता.

गुलाबराव उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “एकदा झालं तर यंत्र. दोनदा झालं तर माणूस.”

उन्हाळ्यातली बैठक तेव्हा सगळ्यांना आठवली. मागच्या खोलीचं कार्यालय करायचं गुलाबरावांच्या मनात होतं. ज्योती त्यावर बोलू लागली तर त्यांनी तिला मधेच तोडलं होतं, आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, “एक दिवस तुमचंही बोलणं कोणी असंच मधे तोडील, तेव्हा समजेल तुम्हाला.”

कार्यकारिणीने नानांना विचारलं, “रिमोट तिच्या हातात होता की नव्हता?”

नाना म्हणाले, “होता.”

त्यापुढे त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि आपण होऊन बोलायची त्यांना सवय नव्हती. ज्योती दुर्गला निघून गेली. सभेतल्या कुणाचाच फोन ती उचलत नव्हती. आता येत्या रविवारच्या बैठकीत तिला काढून टाकायचं आणि खोली रिकामी करून घ्यायची, असं ठरत आलं होतं.

“अहो, लिहा ना काहीतरी,” नानांच्या पत्नी चित्राताई म्हणाल्या. “पोट्टी वाट पाहून राहिली असेल.”

“काय लिहू? तिने ते केलं की नाही, मला कुठे ठाऊक आहे?”

“मग शोधा. रोज खुनाच्या कादंबऱ्या वाचता. खुनी शेवटच्या पानावर सापडतो म्हणे. तुमचं शेवटचं पान कधी येणार?”

नानांनी पत्र पुन्हा चष्म्याच्या घराखाली सरकवलं. दुपारी मात्र त्यांनी वाचनालयाची जादा किल्ली खिशात टाकली आणि पायांत चपला सरकवल्या.

२

सभागृहात कोणी नव्हतं. मधल्या टेबलावर प्रोजेक्टर कापडाखाली झाकून ठेवलेला होता. कपाटात त्याची माहिती-पुस्तिका होती, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच न निघालेली. नानांना यंत्राची भीती वाटे, पुस्तिकेची नाही. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

चित्र नाहीसं होण्याची कारणं तिथे पुष्कळ दिली होती. नाना एकेक करून बघायला लागले. घरून नातवाचा जुना लॅपटॉप आणला होता, तो त्यांनी जोडला. पडद्यावर चित्र आलं. मग त्यांनी मधली वायर उपटली.

पडदा काळा झाला नाही. निळा झाला, आणि ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं इंग्रजीत झळकली.

म्हणजे कोजागिरीला वायर सुटली नव्हती. लॅपटॉप झोपी गेला असता तरी असाच निळा पडदा आला असता. त्या दिवशी निळं काही कोणी पाहिलं नव्हतं.

मग यंत्र तापलं असेल का? पुस्तिका म्हणत होती, की फार तापलं की ते स्वतःहून दिवा विझवतं, पण पंखा जोरात फिरत राहतो आणि वर लाल खूण पेटते. शिवाय कोजागिरीच्या दुपारी ज्योतीने फिल्म आवाज बंद ठेवून अथपासून इतिपर्यंत चालवून पाहिली होती. नाना तिथेच वाचत बसले होते. तेव्हा काही बिघडलं नव्हतं.

राहिला रिमोट.

नानांनी तो हातात घेतला. बटण दाबल्यावर पडद्यावर प्रश्न आला: बंद करायचं असल्यास पुन्हा दाबा. त्यांनी पुन्हा दाबलं. चित्र गेलं, दिवा विझला.

पण यंत्र गप्प झालं नाही. आतला पंखा घरघरत राहिला. गरम दिवा निववायला तो असा फिरतच राहतो, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. नाना खुर्चीत बसून ती घरघर ऐकत राहिले. रिकाम्या सभागृहात ती चांगली मोठी वाटत होती. बऱ्याच वेळाने ती थांबली.

नाना दचकले. कोजागिरीला ते या यंत्राच्या अगदी शेजारी बसले होते. अंधार झाला तेव्हा त्यांना ज्योतीचा श्वास ऐकू आला होता. पुढच्या रांगेतल्या कुणाच्या तरी बांगड्या ऐकू आल्या होत्या.

घरघर ऐकू आली नव्हती.

३

पण खरंच आली नव्हती का? घरी परत येताना नानांचा धीर सुटू लागला. म्हाताऱ्या कानांचा काय भरवसा? आपल्याला जे हवं तेच तर आपल्याला आठवत नाही ना?

चित्राताई भाजी निवडत होत्या. नानांनी आपल्या मनात काय आहे ते न सांगता विचारलं, “कोजागिरीला अंधार झाला, तेव्हा तुला काय ऐकू आलं?”

“हे काय विचारणं झालं?”

“आठव तर खरं.”

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. “काहीच नाही. एकदम चूप झालं. पार चौकातल्या हलवायाचा झारा कढईवर आपटत होता, तो ऐकू येत होता. मी शेजारी बसलेल्या मीनलला म्हटलंही, जिलबी काढून राहिला वाटते.”

“आणि मशीनची घरघर?”

“ती असती तर झारा कसा ऐकू आला असता?”

नानांना वाटलं, या बाईने वकिली करायला हवी होती. रिमोटने प्रोजेक्टर बंद केला असता तर पंखा फिरत राहिला असता. पंखाही थांबला, याचा अर्थ वीजच तुटली. ज्योतीने बटण दाबलं ते यंत्र बंद करायला नाही, बंद पडलेलं सुरू करायला. आणि ते लगेच सुरू झालं नाही, कारण न निवलेला दिवा लगेच पेटत नाही. तेही पुस्तिकेत होतं.

“लाइट गेली होती,” ते म्हणाले.

“छे. लाइट कुठे गेली होती? बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेलेच होते. स्वयंपाकघराच्या दाराखालून उजेड येत होता. म्हणून तर सगळे ज्योतीकडे बघायला लागले.”

नाना पुन्हा खाली बसले. वीज कुठेच गेली नव्हती आणि फक्त प्रोजेक्टरची तुटली. म्हणजे कोणीतरी त्याचा प्लग काढला.

आणि तो प्लग टेबलाखाली होता. ज्योतीच्या पायांपाशी.

रात्री जेवताना ते तोच हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होते. रिमोटच्या आरोपातून तिला सोडवायला गेले आणि प्लगच्या आरोपात अडकवून बसले होते. हे कुणाला सांगितलं नाही तर? रविवारी काही न बोलता घरी बसलं तर? त्यांना तेच सगळ्यात सोपं वाटलं, आणि तेवढ्यानेच ते घाबरले.

४

सभेचा सहचिटणीस पुष्कर हा चौबे कॉलोनीत राहायचा. रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात नोकरीला होता. तो नानांना बघून गोंधळला, कारण नाना कधी कुणाकडे जात नसत.

“काका, आप फोन कर देते ना. मीच आलो असतो.”

“नाही, सहज आलो. कोजागिरीला अंधार झाल्यावर ट्यूबलाइट तूच लावल्या होत्या ना?”

“हो. त्यावरूनपण मले सगळे चिडवून राहिले. इंजिनीअर आहे म्हणे, पण स्विच सापडत नाही.”

“सापडत नव्हता?”

पुष्कर हसला. “अरे काका, सापडला होता. मोबाइलच्या टॉर्चने लगेच सापडला. दबाया, कुछ नहीं. फिर दबाया. तीन-चार बार खट-खट केलं, तब जाके लागली. तो स्विच जुनाट आहे, बदलायला पाहिजे.”

नाना खुर्चीच्या कडेवर सरकले. “तो स्विच रोज असाच त्रास देतो?”

पुष्करने जरा विचार केला. “नाही. रोज तर लागतो.” मग नानांकडे नीट बघत म्हणाला, “काका, क्या बात है?”

“आणि प्रोजेक्टरचं सॉकेट, ट्यूबलाइट, सगळं एकाच लाइनवर आहे का?”

“पूर्ण हॉल, मागचा पॅसेज, सगळं एकाच लाइनवर. स्वयंपाकघराचा दिवा अलग है. मीटरपाशी एमसीबीचा डबा आहे ना, मागच्या पॅसेजमध्ये, त्यात हॉलचा खटका वेगळा आहे. लोड जास्त झाला तर तो पडतो.” तो थांबला. “पण पडला असता तर कोणालातरी वर करावा लागला असता. आपोआप थोडीच वर होतो.”

“हो ना,” नाना म्हणाले.

परत येताना ऑटोत त्यांना हलकं वाटत होतं. प्रोजेक्टरचा प्लग काढल्याने ट्यूबलाइट लागायच्या राहत नाहीत. ज्योती टेबलापाशी होती, पॅसेजमध्ये नव्हती. अंधार करणारं आणि उजेड परत आणणारं माणूस मागच्या बाजूला होतं. ते अंधारात पॅसेजमध्ये गेलं, खटका वर केला, परत आलं आणि ज्योतीवर आरोप होताना गप्प बसलं.

पण दोन्ही वेळा गुलाबराव पडद्यावर आल्यावरच का?

५

गुलाबरावांच्या बैठकीत रमाताईंच्या फोटोला ताजा हार होता. नानांनी विषय काढताच त्यांनी हात वर केला.

“नाना, तिची बाजू घेऊन आला असाल तर चहा घ्या आणि जा.”

“बाजू नाही. एक विचारायचं होतं. तुमचं बोलणं सुरू झाल्यावरच अंधार का झाला असेल?”

“काहून म्हणजे? माझं बोलणं कोणाला आवडते?” गुलाबराव हसले, पण डोळे हसले नाहीत. “मले समजत नाही काय? मी माइकपाशी उभा झालो की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. ‘चला, अध्यक्ष उठले, आता आधण ठेवा.’ वीस वर्षं झाली. माझं भाषण म्हणजे सभेची चहाची घंटा. मी रमाविषयी बोलत होतो, नाना. निदान तेवढं तरी ऐकायचं होतं.”

नानांनी चहा अर्धाच टाकून कप बशीत ठेवला.

ते तिथून निघाले ते थेट मंजिरीताईंकडे. मंजिरीताई सभेच्या चिटणीस. कार्यक्रमांचा चहा, दूध, प्रसाद, सगळं त्याच बघत. पुरानी बस्तीतच, देवळामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. त्यांनी नानांपुढे चकल्या ठेवल्या.

“या नाना. आज चित्राताईंनी मोकळं सोडलं वाटते?”

“कोजागिरीच्या दुधाचं विचारायला आलो,” नाना म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. “चित्राला तसंच करायचंय.”

“त्यात काय. दोन तास गॅसवर आटवलं. अध्यक्षांचं सुरू व्हायच्या आधीच तयार होतं. केशर घालून ठेवलं होतं, बस.”

“गॅसवर?”

“मग कशावर?”

मंजिरीताईंनी चकल्यांची बशी आणखी पुढे सरकवली. नानांनी एक उचलली, पण खाल्ली नाही. त्यांना कोजागिरीचा पेला आठवला. दूध कोमट होतं, पातळ होतं आणि त्याच्यावर सायीचा पुसटसा थरसुद्धा नव्हता. सायीसाठीच ते दरवर्षी कोजागिरीला जात. यंदा पेला खाली ठेवताना त्यांचा हिरमोड झाला होता. दोन तास आटवलेल्या दुधाला साय येत नाही, असं कसं होईल?

आणि सभेत गॅस होताच कुठे? श्रावणात नळी पेटता पेटता राहिली होती, तेव्हा याच मंजिरीताईंनी सिलिंडर कायमचा बाहेर काढायचा ठराव मांडला होता. विजेची शेगडी आणू, इंडक्शनची, असं त्याच म्हणाल्या होत्या. स्वयंपाकघरात मोठा प्लग नव्हता. पॅसेजमध्ये होता.

तो सभागृहाच्या लाइनवर होता.

“चकली खा ना, नाना,” मंजिरीताई म्हणाल्या. “कडक झाली काय?”

६

रविवारच्या बैठकीला कार्यकारिणीची माणसं तर होतीच, शिवाय पाठीमागे बायकाही येऊन बसल्या होत्या. नानांनी रात्रभर जे बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं निम्मं ते उभे राहताच विसरले.

“मला एकच मागायचंय,” ते म्हणाले. “ती फिल्म पुन्हा लावा. शेवटचा भाग. मग ज्योतीचं काय ते ठरवा.”

“काय तमाशा आहे,” गुलाबराव म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

पुष्करने पडदा सोडला, यंत्र सुरू केलं. नानांनी त्याला आधी रिमोटने बंद करायला लावलं. दिवा विझला. घरघर सुरूच राहिली.

“हे ऐका,” नाना म्हणाले. “रिमोटने बंद केलं की हे असं चालू राहतं. कोजागिरीला हा आवाज कुणाला आला होता?”

मागून चित्राताई म्हणाल्या, “नाही. झारा ऐकू आला.” मीनल म्हणाली, “मलेपण.” आणखी दोन-तीन माना हलल्या.

“म्हणजे बंद ज्योतीने केलं नाही. वीज गेली. पूर्ण हॉलची. म्हणून पुष्करला ट्यूबलाइट लागेना.”

पुष्करने वळून पॅसेजच्या दाराकडे पाहिलं. त्याच्या लक्षात आलं होतं.

दिवा निवेपर्यंत थांबावं लागलं. मग फिल्म लागली. ट्यूबलाइट बंद झाल्या. पडद्यावर गुलाबराव आले, पांढऱ्या सदऱ्यात, खुर्चीत ताठ बसलेले.

नाना अंधारातच म्हणाले, “मंजिरीताई, अध्यक्षांचं सुरू झालं. आज चहा नाही ठेवत?”

कोणीतरी हसलं. सभेत ही थट्टा वीस वर्षं जुनी होती. पण मंजिरीताई जागच्या हलल्या नाहीत.

“राहू द्या ना,” त्या म्हणाल्या. “बैठक आहे. आज काहून चहा?”

“बैठकीला तर चहा असतोच,” पुष्कर म्हणाला. तो उठला होता. “काका, मी ठेवतो. शेगडी तिथेच आहे ना, पॅसेजमध्ये?”

तो दारापाशी पोचला. पडद्यावर गुलाबराव सांगत होते, सभेत बायकांसाठी पुस्तकांचं वेगळं कपाट कसं सुरू झालं. पॅसेजमध्ये पातेलं वाजलं. नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला.

“पुष्कर, ती लावू नको,” मंजिरीताई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना गेला.

“क्यों?”

“लावू नको म्हणते ना. पडेल.”

“काय पडेल?” हे गुलाबरावांनी विचारलं होतं.

मंजिरीताई अर्धवट उठल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता, आणि सगळे तिकडेच बघत होते. कोजागिरीला ज्योतीकडे बघितलं होतं तसंच. नानांना ते बघवेना. त्यांनी मान खाली घातली.

“खटका पडेल,” शेवटी मंजिरीताई म्हणाल्या. “हॉलचा खटका. शेगडी लावून थोडा वेळ झाला की पडतो. गणपतीत पडला, मीच वर केला. मले वाटलं, एवढंसंच तर झालं. ज्योती म्हणाली होती, ताई, या लाइनवर शेगडी लावू नका, ही लाइन बारीक आहे. मी तिला म्हटलं, तू पुस्तकं सांभाळ. मग कोजागिरीला पुन्हा तेच झालं. मी वर करून आत आले, तर तुम्ही उभे होता, गुलाबराव. तुम्ही म्हणत होता, दोनदा झालं तर माणूस.”

“तेव्हा का नाही बोललीस?” गुलाबराव म्हणाले.

“तेव्हाच बोलायचं होतं. एक मिनिट गेलं. मग दोन गेली. मग तिचा रिमोट सगळ्यांनी पाहिला होता. मग ती निघूनच गेली.” त्यांनी पदर तोंडाशी धरला. “तिने सांगितलेलं ऐकलं असतं तर काही झालंच नसतं. हेच तर मले सगळ्यांसमोर म्हणवत नव्हतं.”

फिल्म थांबवायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती चालूच होती. जिथे दोनदा अंधार झाला होता, ती जागा केव्हाच मागे पडली होती, आणि आता पडद्यावरचे गुलाबराव जे सांगत होते ते सभेत आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं.

‘आमची रमा हॉलमध्ये बसायची नाही,’ ते सांगत होते. ‘मी बोलायला उभा झालो की ती आत जायची, आधण ठेवायची. मी म्हणायचो, तू माझं काहून ऐकत नाहीस? तर म्हणायची, तुमचं बोलणं लांबते हो. लोक उठून जातील. चहाचा वास आला की बसून राहतील. ते जाऊ नये म्हणून मी आत जाते. ती गेली, पण तेव्हापासून पडलेली पद्धत...’

खरे गुलाबराव खुर्चीत बसून ऐकत होते. फिल्म संपली, पडदा पांढरा राहिला. बराच वेळ कुणी ट्यूबलाइट लावली नाही.

मग ते म्हणाले, “ज्योतीचा नंबर कोणापाशी आहे?”

“उचलत नाही ती,” मीनल म्हणाली.

७

सोमवारी सकाळी नाना टेबलाशी बसले. आधीचे सगळे कागद फाडून टाकले. आता कारण ठाऊक होतं, पुरावा होता, मंजिरीताईंनी स्वतः लिहून दिलेली चार ओळींची माफी होती आणि गुलाबरावांचा निरोप होता, की खोली तिचीच आहे, मी स्वतः घ्यायला येतो. हे सगळं लिहायला त्यांना वेळ लागला नाही. पंख्याचं, खटक्याचं, सायीचं, सगळं सविस्तर लिहिलं.

लिहून झाल्यावर त्यांनी पत्र वाचून पाहिलं आणि त्यांना ते खोटं वाटलं. त्यात खोटं असं एक अक्षर नव्हतं. पण ज्योतीने हे विचारलंच नव्हतं. प्रोजेक्टर का बंद पडला, हे तिने विचारलं नव्हतं.

चित्राताई मागून डोकावल्या. “झालं काय?”

“शेवटची ओळ राहिली.”

“मग लिहा. मी काही सांगणार नाही.”

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खाली लिहिलं:

‘तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी अंधारात तुझा श्वास मी ऐकला होता. तू घाबरली होतीस. मुद्दाम काही करणारं माणूस असं घाबरत नाही, हे मला तिथेच कळलं होतं. तरी मी गप्प बसलो, कारण श्वास हा काही पुरावा नव्हे असं मला वाटलं. आता पुरावा मिळाला म्हणून लिहितो आहे. तो मिळाला नसता तर मी लिहिलं असतं की नाही, हे मला खरंच सांगता येत नाही. हे वाचूनही यावंसं वाटलं तर ये.’

त्यांनी हे लिहिलेलं खोडायला पेन उचललं, मग टोपण लावून खिशात ठेवलं.

सदर बाजारात तेव्हा सोनारांची दुकानं उघडत होती. स्कूटरी अंगावर येत होत्या. पोस्टाच्या खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

“स्पीड पोस्ट दादाजी? दुर्ग है, कल पहुँच जाएगा.”

“हो,” नाना म्हणाले. मग तिला कळावं म्हणून तिच्या बोलीत म्हणाले, “हव, कर दो बेटा.”

तिने शिक्का मारला, पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि नानांच्या मागच्या माणसाला त्याचं पाकीट पुढे करायला सांगितलं.